तंजावरचे सरफोजीराजे : सत्ता गेली, विश्वास राहिला

कावेरीच्या सुपीक खोऱ्यात, महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, जवळजवळ एकशे ऐंशी वर्षे एक मराठी राजघराणे नांदले. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर येथे आपली सत्ता स्थापन केली. राजघराण्याची आणि कारभाराची भाषा मराठी, दफ्तराची लिपी मोडी. परंतु प्रजा तमिळ बोलणारी. आधीच्या नायक राजांच्या काळापासून दरबारी काव्य आणि संगीत यांत तेलुगूला मानाचे स्थान होते. शास्त्रचर्चा संस्कृतात चाले, नवाबाशी पत्रव्यवहार फारसीत होई. जवळच समुद्रकिनाऱ्यावर तरंगंबाडी येथे डेन्मार्ककरांची वखार होती आणि पुढे इंग्रजही दाराशी येऊन बसले. अशा या अनेकभाषी संसारात राज्य करावयाचे, तर केवळ तलवार पुरेशी नव्हती. आपले म्हणणे दुसऱ्याला कळले पाहिजे आणि दुसऱ्याचे मन आपल्याला उमगले पाहिजे, ही तेथील राज्यकर्त्याची नित्याची गरज होती. व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे यांनी पाच भाषांत बोलणाऱ्या पात्रांचे ‘पंचभाषाविलास’ हे नाटक रचले, ते उगीच नव्हे. ही परंपरा ज्यांच्या काळात कळसाला पोचली आणि ज्यांच्या हाती राज्य मात्र जवळजवळ उरले नव्हते, ते दुसरे सरफोजीराजे भोसले.

सरफोजीराजांचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी भोसले कुळाच्या एका शाखेत झाला. त्या काळी तंजावरच्या गादीवर तुळजाजीराजे होते. त्यांच्या वाट्याला मोठे दुर्दैव आले होते. १७७३ मध्ये अर्काटच्या नवाबाने कंपनीच्या फौजेच्या बळावर तंजावर जिंकले. १७७६ मध्ये राज्य परत मिळाले, पण त्यासोबत कंपनीची फौज आणि तिच्या खर्चाचा बोजाही आला. त्यातून सावरतो न सावरतो तोच १७८१ मध्ये हैदर अलीच्या स्वारीने मुलूख उजाड झाला. राजाची मुलेही त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. अखेर १७८७ मध्ये त्यांनी नऊ-दहा वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतले. त्याच वर्षी तुळजाजीराजांचे निधन झाले. मृत्यू समोर दिसत असताना त्यांनी या बालकाला ज्यांच्या हाती सोपविले, ते ना भाऊबंद होते, ना कोणी मराठी सरदार. ते होते ख्रिस्ती धर्मोपदेशक ख्रिस्तियन फ्रीडरिख श्वार्ट्झ.

एका हिंदू राजाने आपला वारस एका परदेशी पाद्र्याच्या हवाली करावा, याचे नवल वाटते. त्याचे कारण श्वार्ट्झ यांच्या आयुष्यातच सापडते. जर्मनीत जन्मलेले श्वार्ट्झ १७५० मध्ये तरंगंबाडीला आले आणि पुन्हा कधीही मायदेशी गेले नाहीत. त्यांनी तमिळ आत्मसात केली. तंजावरच्या दरबाराशी मध्यस्थाविना बोलता यावे, म्हणून ते मराठी शिकले. फारसी आणि हिंदुस्थानीही त्यांना अवगत होती. १७७९ मध्ये कंपनीला हैदर अलीकडे बोलणी करण्यासाठी माणूस हवा होता, तेव्हा हे काम श्वार्ट्झ यांच्याकडे आले. इंग्रजांच्या शब्दावर भरवसा नसलेल्या हैदरालाही या साध्या वेषातील पाद्र्याचा भरवसा वाटत होता.

हैदरच्या स्वारीनंतर तंजावरच्या किल्ल्यात दुष्काळ पडला. बाहेर गावोगावी धान्य होते, पण ते वाहून आणायला बैल मिळत नव्हते. मागे अनेकदा रयतेचे बैल आणि धान्य घेऊन सरकारने मोबदला बुडविला होता. राजाच्या हुकमाला आणि कंपनीच्या आश्वासनाला कोणी विचारीना. तेव्हा श्वार्ट्झ यांनी स्वतः मोबदला देण्याचा शब्द दिला. दोन-तीन दिवसांत हजारावर बैल आले आणि सुमारे ऐंशी हजार कलम धान्य किल्ल्यात पोचले. ज्याला त्याला त्याची रक्कम चुकती झाली. पुढे जुलमाला कंटाळून गाव सोडून गेलेले शेतकरीही त्यांच्याच शब्दावर परतले. एका दिवसात सात हजार माणसे माघारी आली, अशी नोंद त्यांनी केली आहे. माणसांना त्यांच्या भाषेत सांगावे आणि सांगितलेले पाळावे, एवढीच या प्रभावामागची किमया होती. याच घटनांच्या छायेत बाल सरफोजी वाढणार होते.

परंतु मार्ग सोपा नव्हता. एकट्या परक्या माणसाने राजपुत्राचे पालकत्व घेणे उचित नाही, असे मानून श्वार्ट्झ यांनी तुळजाजीराजांना त्यांचे सावत्र बंधू अमरसिंह यांच्याकडे ही जबाबदारी द्यावी, असा सल्ला दिला होता. तुळजाजीराजांच्या पश्चात पंडितांच्या मताचा आधार घेऊन दत्तकविधान अशास्त्रीय ठरविण्यात आले आणि कंपनीच्या संमतीने अमरसिंह गादीवर बसले. सरफोजींच्या नशिबी जवळजवळ कैद आली. अंधाऱ्या जागेत कोंडणे, शिक्षणाची आबाळ, माणसांचा सहवास नाही, अशा स्थितीत त्यांची काही वर्षे गेली. श्वार्ट्झ यांनी मद्रासच्या गव्हर्नराकडे वारंवार तक्रारी केल्या. अखेर १७९३ मध्ये सरफोजींना आणि तुळजाजीराजांच्या विधवा राण्यांना मद्रासला हलविण्यात आले. तेथे गेरिके या दुसऱ्या जर्मन धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. मराठी, संस्कृत, तमिळ आणि तेलुगू यांच्या जोडीला इंग्रजी त्यांनी उत्तम साध्य केली. युरोपातील इतर भाषांचीही त्यांना गोडी लागली.

दत्तकाचा प्रश्न श्वार्ट्झ यांनी सोडला नव्हता. पुन्हा शास्त्रार्थ झाला, जुने मत चुकीचे ठरले आणि कंपनीने १७९८ मध्ये सरफोजींना तंजावरचे राजे म्हणून मान्यता दिली. त्याच वर्षी जूनअखेर ते सिंहासनावर बसले. पण तो दिवस पाहावयास श्वार्ट्झ नव्हते. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी त्यांचे देहावसान झाले होते.

सिंहासन मिळाले, पण राज्य मिळाले नाही. ऑक्टोबर १७९९ च्या तहान्वये संपूर्ण मुलखाचा कारभार कंपनीने आपल्याकडे घेतला. राजांकडे उरला तंजावरचा किल्ला आणि त्याच्या भोवतीचा थोडा परिसर. वर्षाला एक लाख होन आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा त्यांना मिळावयाचा होता. बावीस वर्षांच्या तरुण राजाला सैन्य नाही, न्यायदानाचा अधिकार नाही, करवसुली नाही. दाराशी कंपनीचा रेसिडेंट. अशा अवस्थेत अनेक संस्थानिक विलासात बुडाले किंवा कुढत राहिले. हुकमाची सत्ता गेल्यावर माणसांना एकत्र आणण्याचे जे एकमेव साधन उरते, त्या विश्वासाच्या बळावर सरफोजीराजांनी पुढील तीस-बत्तीस वर्षे काम केले.

त्यांची पहिली कसोटी छत्रांच्या प्रश्नावर लागली. तंजावर राज्यात रामेश्वरच्या यात्रामार्गावर पूर्वजांनी अनेक छत्रे, म्हणजे अन्नछत्रे व धर्मशाळा, बांधली होती. त्यांच्या खर्चासाठी नेमून दिलेल्या जमिनी कंपनीच्या ताब्यात जाण्याची वेळ आली. १८०१ मध्ये सरफोजीराजांनी रेसिडेंटला सविस्तर पत्र लिहिले. पत्रात त्यांनी राजहक्काची भाषा केली नाही, की नुसती विनवणीही केली नाही. छत्रांत प्रत्यक्ष काय चालते, ते त्यांनी परक्याला समजेल अशा रीतीने मांडले. तेथे ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत सर्व जातींच्या व पंथांच्या वाटसरूंना अन्न मिळते. आजारी यात्रेकरूला वैद्य आणि औषध मिळते. वाटेत प्रसूत झालेल्या स्त्रीची काळजी घेतली जाते. कोणी दगावल्यास त्याच्या धर्माप्रमाणे अंत्यविधी होतो आणि मागे राहिलेल्या पोरक्या मुलाला सांभाळून शिकविले जाते. ही व्यवस्था मोडली तर आपली प्रजेतील पत जाईल, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. हिशेबाच्या वहीत केवळ उत्पन्नाची जमीन पाहणाऱ्या अधिकाऱ्यापुढे त्यांनी त्या जमिनीवर जगणारी माणसे उभी केली. छत्रांची व्यवस्था राजांकडेच राहिली.

त्याच सुमारास ओरत्तनाडू येथे मुक्तांबांच्या नावाने त्यांनी नवे छत्र उभारले. तेथे पाठशाळाही होती. राहणे-जेवण विनामूल्य आणि शिक्षण एका भाषेपुरते मर्यादित नव्हते. नव्या विद्या शिकवावयाच्या, पण त्या मुलांना कळतील अशा भाषेत, हा सरफोजीराजांचा कटाक्ष होता. भूगोल आणि खगोल हे विषय त्यांनी मराठीत आणविले. ‘देवेंद्र कुरवंजी’ हे त्यांचे मराठी नृत्यनाट्य याचा सुंदर नमुना आहे. कुरवंजी हा तमिळ लोकपरंपरेतील प्रकार. त्यात भविष्य सांगणारी भटकी स्त्री आपण पाहिलेल्या देशांचे वर्णन करते. राजांनी तो साचा घेतला आणि त्या स्त्रीच्या तोंडी पृथ्वीचे खंड, देश आणि नगरे यांचे आधुनिक ज्ञान घातले. तमिळ रचनाप्रकार, मराठी भाषा आणि युरोपातील भूगोल यांचा असा मेळ, प्रेक्षकाला आपले घर सोडावे न लागता नवे जग दाखवीत असे.

१८०५ मध्ये त्यांनी किल्ल्यात देवनागरी छापखाना काढला. त्याचे नाव ‘नवविद्याकलानिधी’. तेथून १८०६ मध्ये सखण पंडितांनी मराठीत आणलेल्या इसापच्या कथा ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने छापून निघाल्या. पुण्यात अजून पेशवाई नांदत होती. बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’ला अजून सव्वीस वर्षे अवकाश होता. अशा वेळी मुलांसाठी छापलेले मराठी गोष्टींचे पुस्तक तमिळ देशात तयार झाले, ही गोष्ट मराठी शाळांनी अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे. मराठीतील अगदी आरंभीच्या मुद्रित पुस्तकांत त्याची गणना होते.

माणसांचा मेळ घालण्याची त्यांची हातोटी सर्वांत स्पष्ट दिसते ती धन्वंतरी महालात. या संस्थेत आयुर्वेदाचे वैद्य, तमिळ सिद्धवैद्य, युनानी हकीम आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे जाणकार एकत्र काम करीत. या चौघांची शास्त्रे वेगळी, परिभाषा वेगळ्या आणि प्रत्येकाला आपल्या परंपरेचा सार्थ अभिमान. कोणते शास्त्र श्रेष्ठ, हा वाद घालत बसले असते, तर एकही रोगी बरा झाला नसता. सरफोजीराजांनी वाद रोग्याच्या खाटेपाशी आणून सोडविला. औषध द्यावे, त्याचा गुण पाहावा आणि तो लिहून ठेवावा. नेत्ररोग्यांच्या बाबतीत तर आजाराचे वर्णन, केलेले उपचार आणि डोळ्यांची रंगीत चित्रे अशी टिपणे ठेवली गेली. ती आजही तंजावरला जतन केलेली आहेत. नोंद एकदा समोर ठेवली की हकीम आणि वैद्य यांना एकमेकांच्या शास्त्रावर श्रद्धा ठेवण्याची गरज उरत नाही. समोरच्या अनुभवावर विश्वास ठेवला तरी पुरते. गुणकारी ठरलेले योग पुढे तमिळ कवींकडून पद्यात बांधून घेण्यात आले. ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने ते प्रसिद्ध आहेत. मराठी राजाने हे ज्ञान तमिळ पद्यात ठेवले, कारण त्याचा उपयोग करणारे गावोगावचे वैद्य तमिळ होते.

दुसऱ्याच्या श्रद्धेला धक्का न लावता काम पुढे कसे न्यावे, याची त्यांना जाण होती. शरीररचना शिकावयाची तर अस्थी हाताळाव्या लागतात आणि मृताच्या अस्थींचा स्पर्श रूढीला मान्य नव्हता. राजांनी अभ्यास सोडला नाही आणि रूढीशी भांडणही मांडले नाही. त्यांनी कृत्रिम सांगाडा मागवून घेतला.

संगीतातही हेच घडले. दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा वाद्यवृंद होता. व्हायोलिनसारखे परदेशी वाद्य दक्षिणी कलावंतांच्या हाती याच वातावरणात रुळले. पुढे ‘तंजावर चतुष्टय’ म्हणून गाजलेले चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चार तमिळ बंधू याच दरबारात वावरले. आजच्या भरतनाट्यमच्या पाठाचा क्रम त्यांनी बांधला.

सरफोजीराजे धर्माने हिंदूच राहिले. श्वार्ट्झ यांचा त्यांच्यावर पित्यासारखा अधिकार होता, तरी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही आणि त्यामुळे त्या स्नेहातही उणेपणा आला नाही. गुरूच्या स्मरणार्थ त्यांनी इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी शिल्प करवून घेतले. मृत्युशय्येवर असलेले श्वार्ट्झ आणि त्यांचा हात हाती घेतलेले राजे, असा तो देखावा तंजावरच्या चर्चमध्ये आहे. श्वार्ट्झ यांच्या समाधीवरील इंग्रजी काव्य राजांनी स्वतः रचले. याच राजांनी १८०३ मध्ये चोळांच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला. तो शिलालेख त्याच्या विस्तारामुळे विख्यात आहे. तमिळ राजाने आठशे वर्षांपूर्वी उभारलेल्या मंदिरात मराठी अक्षरे कोरण्यापूर्वी त्या मंदिराची सेवा आणि डागडुजी या घराण्याने आपली मानली होती. म्हणून ती अक्षरे तेथे परकी वाटत नाहीत.

सरस्वती महाल हे त्यांचे अमर स्मारक. नायक राजांपासून चालत आलेला ग्रंथसंग्रह त्यांनी अनेक पटींनी वाढविला. १८२० मध्ये सुमारे तीन हजार माणसांच्या परिवारासह ते काशीयात्रेला निघाले. यात्रेचे पुण्य जोडताना वाटेत आणि काशीत पंडितांकरवी हस्तलिखिते मिळवून वा नकलून घेतली. संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखितांशेजारी युरोपातील वैद्यक, विज्ञान आणि साहित्य यांवरील हजारो छापील पुस्तके आली. त्यांतील अनेकांवर राजांची इंग्रजी स्वाक्षरी आहे. या ग्रंथालयात मराठी हस्तलिखितेच तीन हजारांहून अधिक आहेत. १८२६ मध्ये बिशप हेबर तंजावरला आले, तेव्हा पाश्चात्त्य शास्त्रज्ञांची नावे सहज घेणारा आणि इंग्रजी साहित्यावर बोलणारा हा राजा पाहून ते थक्क झाले.

एवढे असूनही या आयुष्याची दुसरी बाजू झाकण्याचे कारण नाही. राजांनी इंग्रजांशी स्नेह राखला. नेपोलियनच्या पराभवाप्रीत्यर्थ समुद्रकाठी ‘मनोरा’ हा आठ मजली बुरूज बांधला. परंतु माणसाने माणसावर ठेवलेला विश्वास आणि दुर्बळाने सत्तेवर ठेवलेला विश्वास यांत फार अंतर असते. श्वार्ट्झ यांनी दिलेला शब्द रयतेच्या हाती रोख पडला. कंपनीचा स्नेह मात्र तिच्या सोयीपुरता होता. ७ मार्च १८३२ रोजी सरफोजीराजांचे निधन झाले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये पुत्राविना वारले आणि कंपनीने राज्य खालसा केले. ज्या गादीसाठी दत्तकाचा न्याय एकदा मोठ्या कष्टाने मिळाला होता, ती वारस नाही या सबबीवर गेली.

राज्य गेले, तरी माणसांच्या विश्वासावर उभे केलेले बरेच काही राहिले. १९१८ मध्ये सरस्वती महाल ग्रंथालय सर्वांसाठी खुले झाले. तेथे आजही तमिळ अभ्यासक मोडी वाचावयास शिकतात आणि मराठी अभ्यासक तमिळ पोथ्यांपाशी बसतात. तमिळनाडूतील मराठी घरांतून आपल्या वळणाची मराठी अजून बोलली जाते आणि शाळेत, बाजारात तीच माणसे अस्खलित तमिळ बोलतात.

मातृभाषा धरली की जग दुरावते आणि जग धरले की मातृभाषा सुटते, अशी चिंता आज अनेक पालकांच्या मनात असते. सरफोजीराजांनी मराठी सोडली नाही. ती छापली, शिकविली आणि शिळेवर कोरली. त्याच वेळी तमिळ वैद्याशी तमिळ ग्रंथातून आणि इंग्रज अधिकाऱ्याशी त्याच्या भाषेत ते बोलले. ज्याला स्वतःची भाषा नीट येते, त्याला दुसऱ्याच्या भाषेचा मान कळतो. आणि ज्याने दुसऱ्याच्या भाषेचा मान राखला, त्याच्या शब्दावर परकी माणसेही आपले बैल, धान्य आणि वेळप्रसंगी आपले मूलसुद्धा सोपवितात.